सत्ताविसावा दात

"तात्या, तेरा ना?"

"तेराच."

"नक्की?"

"आरं, उभा जन्म मोजण्यात गेला माझा. तू आपला तुझा दांडा फिरव."

मी दांडा फिरवला. मिलिंग मशीनचं टेबल पुढं सरकलं, कटर बिडाच्या चाकात शिरला, काळा भुगा उडाला आणि शेवटची खाच कापून झाली. मोटर बंद केली, चाक फडक्यानं पुसलं आणि दातांवरनं अंगठा फिरवत गेलो. पाच, दहा, वीस, सव्वीस. सगळे दात एकसारखे. आणि सत्ताविसावा? सत्ताविसावा शेजारच्यांच्या दुपटीहून जाड!

पाचवं चाक होतं ते. पाचही चाकांना तोच रोग.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाक काढलं आणि दारातनं बाहेर भिरकावलं. ते वैजूच्या धुण्याच्या दगडावर आदळलं आणि दगडाचा टवका उडाला.

"आवो, कुणाच्या तरी टाळक्यात बसंल की!" माझी बायको हातातलं धुणं टाकून उभी राहिली. "नाचता येईना अंगण वाकडं. चाकानं काय घोडं मारलंय तुमचं?"

"तू गप बस. चाकानं न्हाई, त्या मिणचेकर मिस्त्रीनं मारलंय. फसवलं मला थेरड्यानं."

मशीन आणि भिंत यांच्यामधल्या फटीतनं माझ्या वडलांनी डोकं वर काढलं. "मिस्त्री तसला माणूस वाटला न्हाई मला," ते म्हणाले.

"तुम्हाला सगळेच चांगले वाटतात, तात्या. या बाहेर. आजचं काम बास."

एकोणीसशे त्र्याण्णव सालच्या जानेवारीतली ही गोष्ट. शिरोलीतल्या एका कारखान्यात मी चौदा वर्षं लेथवर काढली होती. मग एके दिवशी सुपरवायझर चार माणसांत मला 'अडाणी' म्हणाला आणि मी राजीनामा त्याच्या टेबलावर आपटून आलो. माझा स्वभावच तसा. आधी बोलायचं, मग विचार करायचा, आणि विचार करून झाला की पुन्हा बोलायचं. घरी येऊन ठरवलं, आता आपलंच काहीतरी काढायचं. उचगावात आमचा म्हशीचा गोठा रिकामा पडला होता. लेथची कामं करणारे गल्लोगल्ली होते. गिअर कापून देणारे मात्र मोजकेच. म्हणून मिलिंग मशीन घ्यायचं ठरलं, आणि नवं घ्यायची ऐपत नसल्यामुळं जुनं.

कोल्हापुरात त्या काळी जुनं मशीन घ्यायचं म्हणजे आधी मिणचेकर मिस्त्रींना विचारायचं अशी रीतच होती. उद्यमनगरात त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. पण त्यांचं खरं मोठेपण वेगळंच होतं. कुणी जुनं मशीन घ्यायला निघालं की मिस्त्रींना सायकलवर बसवून न्यायचे. मिस्त्री मशीन चालू करायचे, कान लावायचे, टेबलाखाली हात घालायचे आणि 'घे' नाहीतर 'नको' म्हणायचे. एवढंच. त्या एका शब्दावर लोक घरातले दागिने मोडायचे. आणि यंदा खुद्द मिस्त्रींनीच आपलं मिलिंग विकायला काढलं होतं.

"का विकताय?" मी विचारलं.

"आता बास झालं," ते म्हणाले.

मशीन विलायती, माझ्या बापाच्या वयाचं, पण आवाज असा की शिवणाचं मशीन चाललंय म्हणावं. बरोबर डिव्हायडिंग हेडही दिलं. ते काय असतं ते सांगतो, त्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. चाकाला दात पाडायचे तर दर दाताला चाक नेमकं तेवढंच फिरलं पाहिजे. त्यासाठी मशीनवर हे हेड बसतं. त्याला एक मूठ, मुठीला एक खुंटी, आणि खुंटीमागं भोकं पाडलेली तबकडी. मला सत्तावीस दातांची चाकं करायची होती. त्याचा हिशोब सोपा होता. मूठ एक आख्खी फिरवायची, आणि वर तेरा भोकं पुढं जाऊन खुंटी बसवायची. दर दाताला तेवढंच करायचं. भोकं मोजायचा त्रास नको म्हणून तबकडीवर कातरीसारख्या दोन पट्ट्या असतात. त्या एकदा लावल्या की मोजावं लागत नाही. मिस्त्रींच्या हेडाची ती कातर काही त्यांना सापडत नव्हती.

"शोधून देतो चार दिवसांत," ते म्हणाले.

"राहू द्या ओ, कातर कशाला? आमच्या घरात मोजणारा माणूस हाय," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. माझे वडील दत्तू वरुटे मार्केट यार्डात मापाडी होते. चाळीस वर्षं त्यांनी शेतकऱ्यांचा माल मोजला. व्यापारी म्हणायचे, 'काटा चुकंल, दत्तू चुकायचा न्हाई.' पुढं यार्डात विजेवरचे काटे आले, आकडे आपोआप दिसायला लागले, आणि तात्या घरी बसले. दोन वर्षं नुसते दारातल्या कट्ट्यावर बसून होते. जेवायला हाक मारली तरी 'मला कुठं काम हाय, नंतर वाढा' म्हणायचे. ऐकून जीव तुटायचा.

आणि आमचा गोठा अरुंद. मशीन कसंबसं आत बसलं, पण हेडाची बाजू गेली भिंतीकडं. मधे जेमतेम हातभर फट. माझं पोट तिथं शिरेना. तात्या म्हणजे काटकी. ते म्हणाले, "मी हुबा राहतो की. मूठ मी फिरवतो, मोजतोबी मी. तू तुझ्या बाजूनं कापत बस." दुसऱ्या दिवसापासून बघतो तर म्हातारा पहाटे आंघोळ करून, धोतर खोचून, आठाच्या ठोक्याला फटीत हजर! मोटरच्या आवाजात ते तोंडातल्या तोंडात मोजायचे आणि खुंटी बसली की "हां!" म्हणून ओरडायचे. जेवायला वैजूला तीनदा हाका माराव्या लागायच्या.

काम होतं इचलकरंजीच्या भूपाल कुंभोजेंचं. ते उसाच्या रसाचे घाणे बनवायचे. सोळा चाकं महाशिवरात्रीच्या आत हवी होती, कारण रसवंत्या तेव्हाच सुरू होतात. चाकं वेळेत गेली तर वर्षभराचं काम माझं. नाही गेली तर त्या सुपरवायझरपुढं जाऊन 'साहेब, चुकलं' म्हणायचं. ते मी मेलो तरी करणार नव्हतो. आणि इथं पाच चाकं भंगारात!

त्या पाचव्या चाकानंतर मी जेवलोही नाही. हेडाच्या मुठीच्या चाळीस फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी व्हायला पाहिजे. खडूची खूण करून, हात वळवून वळवून चाळीस फेऱ्या मारल्या. खूण बरोबर जागेवर आली. म्हणजे हेड ठीक होतं. मग दोष राहिला तबकडीत. म्हाताऱ्यानं अस्सल तबकडी ठेवून घेतली आणि कुणाकडनं तरी वेडीवाकडी भोकं पाडलेली नकली तबकडी माझ्या गळ्यात मारली! मोजणीवर मला शंका आली का? छे! यार्डात तात्यांच्या मोजणीवर शंका घेणाऱ्याच्या अंगावर हमाल धावून जायचे. मी तर त्यांचा मुलगा.

दुपारीच उद्यमनगर गाठलं. मिस्त्री कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीजवळ बाकावर बसले होते. आजूबाजूला आठ-दहा जण होते, सगळे वर्कशॉपवाले.

"काय गा आनंदा, चालतंय न्हवं मशीन?" त्यांनी विचारलं.

"मशीन चालतंय, मिस्त्री. तुमची लबाडी चालंना."

सगळ्यांचे कप हातात राहिले. मी थांबतोय कुठला! तबकडी, पाच चाकं, कुंभोजेंचं काम, सगळं ओकलो. "दुसऱ्याला मशीन घे, नको घे सांगताय, आणि आपलं विकताना नकली माल घालताय? लाज वाटत न्हाई?"

मिस्त्रींचा कप बशीवर तडतड वाजायला लागला आणि त्यांनी तो खाली ठेवला. "तबकडी अस्सल हाय," ते म्हणाले. "उद्या सकाळी येतो मी. बघू काय ते."

"याच. बघाच."

दुसऱ्या दिवशी ते सायकल ढकलत आले. चहा नको म्हणाले. "भंगारातलं एक चाक चढव. मला बघू दे," एवढं बोलून ते अंग चोरून फटीत शिरले आणि तात्यांच्या शेजारी उभे राहिले. दोन म्हातारे भिंतीला चिकटून उभे, आणि अलीकडं मी दात-ओठ खात दांडा फिरवतोय. सहा-सात दात झाले. तात्या आपले तंद्रीत होते. ओठ हलत होते, बोट भोकांवरनं चाललं होतं. मिस्त्री आधी त्यांच्या बोटाकडं बघत होते. मग वाकून कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. मग बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडंच बघत राहिले. शेवटी हात वर करून त्यांनी मला मोटर बंद करायला सांगितली.

"तबकडीच खोटी हाय न्हवं?" तात्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला. "तात्या, यार्डात किती वर्षं काढली म्हणायची?"

"चाळीस. एक माप चुकलं न्हाई. कुणालाबी विचारा."

"कशाला विचारू? दिसतंय की मला."

मग ते फटीतनं बाहेर आले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "आनंदा, चूक माझी हाय. हेडात खोट हाय. कातर लावल्याशिवाय ह्या हेडावर काम व्हायचं न्हाई. मी ती द्यायला पाहिजे होती."

"बघा! मी म्हणत नव्हतो?" मी वैजूकडं वळून ओरडलो. दारात उभी राहून ती सगळं बघत होती. "कोण वाकडं नाचत होतं? आं?"

मिस्त्री सायकलवरनं परत गेले. दुपारपर्यंत घर उचकून कातर शोधली आणि घेऊन आले. फटीत शिरून ती लावायला लागले. एवढासा स्क्रू, पण त्यांना तो बसवता बसवेना. दोनदा खाली पडला. माझी चिडचिड व्हायला लागली.

"द्या इकडं, मी अलीकडनं हात वळवून लावतो. असा किती वेळ घालवताय?"

"नको. मीच लावणार," ते एकदम तोडून बोलले. कातर बसल्यावर तात्यांना म्हणाले, "तात्या, आता मोजायचं न्हाई. ही पट्टी अडवंल तिथं खुंटी सोडायची आणि कातर पुढं सरकवायची."

तात्यांचा चेहरा पडला. "मोजायचंच न्हाई?"

"मोजून मोजून दमलासा की आयुष्यभर. आता नजर ठेवा. कातर केसभर घसरली तर चाक गेलं. ती जबाबदारी तुमची. ह्याच्या बापाला जमायची न्हाई ती."

"ह्याचा बाप मीच हाय की," तात्या म्हणाले, आणि दोघंही म्हातारे हसले. मी नाही हसलो.

कातर लावून कापलेलं पहिलंच चाक असं निघालं की अंगठा फिरवताना डोळ्यांत पाणी आलं. सत्तावीस दात, सगळे सख्ख्या भावांसारखे. मिस्त्रींनी आपल्या पुतण्याच्या फौंड्रीतनं बिडाची पाच नवी कोरी चाकं ओतून घेतली आणि मला आणून दिली. मी नको म्हटलं नाही. कशाला म्हणू? महाशिवरात्रीच्या चार दिवस आधी सोळा चाकं इचलकरंजीला पोचली. कुंभोजेंनी वर्षभराचं काम दिलं.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण जिभेला हाड नाही. चहाच्या गाडीवर जाऊन मी सगळ्यांना सांगितलं, "मिस्त्रीनं कबूल केलं बरं का! स्वतःच्या तोंडानं म्हणाला, हेडात खोट होती. भरपाईबी दिली." जो भेटेल त्याला सांगितलं. कुणी जुनं मशीन घ्यायला निघालंय असं कानावर आलं की मुद्दाम जाऊन सांगितलं, 'मिणचेकरच्या शब्दावर घेऊ नका.' लोकांनाही पटलं. स्वतः कबूल केल्यावर न पटायला काय झालं? दोन महिन्यांत मिस्त्रींना सायकलवर बसवून न्यायला कुणी येईना. ते त्या बाकावर बसलेले दिसायचे, आणि मला आतनं बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, बरंच वाटायचं.

जुलैत तात्यांना थंडीतापानं घेरलं. कुंभोजेंची चार चाकं तातडीनं हवी होती. तात्यांशिवाय फटीत कोण शिरणार? मग मी आणि शेजारचे तिघं मिळून पहारीनं मशीन हातभर पुढं सरकवलं. मी पोट आत ओढून पहिल्यांदाच हेडासमोर उभा राहिलो. सरकवताना कातर ढिली झालीय की काय, अशी शंका आली. म्हटलं, मोजून बघावं. खुंटी एका भोकात बसलेली होती. त्या भोकावर बोट ठेवलं आणि मोजायला लागलो. "लाभ, दोन, तीन, चार..."

हो, 'लाभ'. यार्डात कुणी 'एक' म्हणून सुरुवात करत नाही. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. भरलेलं माप हातात घ्यायचं आणि लाभ म्हणायचं. रिकाम्यापासनं मोजणी सुरू करणं अशुभ. तात्यांच्या मांडीवर बसून मी अशीच मोजणी शिकलो. चिंचोके असोत की शेणी, आमच्या घरात पहिला नेहमी लाभ.

कातरीच्या दुसऱ्या पट्टीपाशी पोचलो तर मोजणी चौदा झाली.

चौदा? पाहिजेत तर तेरा! पुन्हा मोजलं. लाभ, दोन, तीन... पुन्हा चौदाच. मनात म्हटलं, बघा लबाड म्हातारा, कातरसुद्धा चुकीची लावून गेलाय! पण मग गेले सहा महिने ह्याच कातरीवर कापलेली चाकं बरोबर कशी आली?

मी खुंटीकडं बघत राहिलो. खुंटी बसलीय ते भोक मोजायचंच नसतं. तिथं आपण उभे असतो. तिथनं पुढं तेरा पावलं टाकायची. ज्या भोकात आधीच उभे आहोत त्याला 'लाभ' म्हटलं की पुढं बाराच पावलं होतात. दर दाताला एक भोक कमी. सत्तावीस दातांत सत्तावीस भोकं कमी. आणि ती सगळी तूट शेवटच्या दाताच्या अंगावर जाऊन बसते.

तबकडी अस्सल होती, हेड अस्सल होतं. मोजणी चुकली होती. चाळीस वर्षांत एक माप न चुकलेल्या माणसाची मोजणी. आणि मिस्त्रींनी ती फटीत उभं राहून आपल्या कानांनी ऐकली होती. म्हणूनच त्यांनी तो स्क्रू मला लावू दिला नव्हता. मी भोकं मोजली असती तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली होती. तीही चारचौघांत, मिशीला पीळ देऊन.

तसाच, बनियनवर शर्ट चढवून मिस्त्रींचं घर गाठलं. ते पडवीत बसले होते. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "मोजलंस वाटतं."

"मिस्त्री, तुम्ही मला सांगायचं होतं! त्याच वेळी, तिथंच तोंडावर मारायचं होतं!" माझा आवाज चढला. चूक माझी आणि ओरडत होतो त्यांच्यावर, एवढा मी शहाणा.

"हळू बोल. बस." त्यांनी आपले दोन्ही हात पुढं धरले. हात थरथर कापत होते. "हे कधीपास्नं हाय ठावं हाय? तीन वर्षं. माझी काही कामं वाया गेली. मला वाटायचं कटर खराब, बेल्ट ढिला. एके दिवशी माझ्या पोरानं गिऱ्हाइकांच्या समोर सांगितलं, 'बाबा, मशीनला काय झालं न्हाई, तुमचे हात गेलेत.' खरंच बोलला तो. पण त्या दिवसापास्नं मी मशीनला हात लावला न्हाई. विकून टाकलं." त्यांनी हात मांडीखाली घेतले. "तुझा बाप फटीत हुबा हुता. तोंडावर असलं समाधान! आणि तू अलीकडं तलवार उपसून हुबा. मी बोललो असतो तर तू काय बोलला असतास त्याला?"

काय बोललो असतो ते मला चांगलं माहीत होतं.

"तुला चाकं पाहिजे हुती, ती मिळाली. माझं काय, चार भिंतीत एक वाक्य खोटं बोललो. तू ते गावभर करशील असं मात्र वाटलं न्हवतं."

त्यांनी एवढंच सुनावलं. शिव्या घातल्या असत्या तर हलकं तरी वाटलं असतं.

घरी येताना डोकं नुसतं भणाणलं होतं. मिस्त्रींचं नाव धुवायचं तर खरं सांगायला पाहिजे. खरं सांगायचं तर तात्यांचं नाव मातीत जाणार. आपलेच दात, आपलेच ओठ. दोन दिवस वैजूवर, कुत्र्यावर, भिंतीवर खेकसत काढले. तिसऱ्या दिवशी उद्यमनगरात गेलो, चहाच्या गाडीसमोर उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "ऐका रे. मिस्त्रींचं हेड अस्सल हाय, तबकडीबी अस्सल हाय. भोकं मी मोजत हुतो, आणि मी चुकत हुतो. माझी अब्रू वाचवायला मिस्त्रींनी चूक आपल्या अंगावर घेतली. मी नालायक माणूस हाय."

आधी एकजण हसला, आणि मग सगळे सुटले. "दत्तू मापाड्याचा पोरगा, आणि तेरापर्यंत मोजता येईना!" माझे कान तापले, पण मी तिथंच उभा राहिलो. हसून झाल्यावर त्यांतलाच एकजण म्हणाला, "आयला, मग मिस्त्रींना न्यायचं का सोमवारी? मला एक लेथ बघायचाय."

उद्यमनगरातनं यार्डात बातमी पोचायला किती वेळ लागणार? तापातनं उठून तात्या दोन दिवसांनी जुन्या सोबत्यांना भेटायला यार्डात गेले आणि तासाभरात परत आले. चेहरा लाल झाला होता.

"माझं नाव घालवलंस तू!" दारातनंच ते ओरडले. त्यांचा एवढा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "हमाल हसत्यात मला! दत्तू, तुझ्या पोराला मोजता येईना म्हणत्यात! चाळीस वर्षं मी एक चुकलो न्हाई, आणि तुला तेरा भोकं मोजता आली न्हाईत?"

"अहो मामंजी, पण मोजत तर तुम्ही..." वैजू बोलायला गेली. मी तिच्याकडं असं बघितलं की ती पदर तोंडाला लावून आत गेली.

"कवा मोजलीस तू? मी फटीत हुतो की!"

"तुम्ही जेवायला गेला की फटीत हात वळवून मोजायचो, तात्या. दोन-दोन दात तुमच्या माघारी कापायचो. घाई हुती." खोटं बोलताना जीभ जड झाली होती. "तिथंच चुकायचं."

तात्यांनी कपाळावर हात मारला. "आणि त्या देवमाणसाला चोर म्हणालास! आणि मला सांगितलं न्हाईस!" ते खाली बसले आणि लगेच उठले. "घाल सदरा. चल."

त्यांनी ठेवणीतला पटका बांधला. अंगात अजून कसकस होती, पण रिक्षा नको म्हणाले. मिस्त्रींच्या पडवीत पोचल्यावर काठी बाजूला ठेवली आणि हात जोडले.

"मिस्त्री, माफी मागायला आलोय."

मिस्त्री धडपडत उठले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी 'नको' अशी मान किंचित हलवली. ते समजले.

"तुम्ही कशाला तात्या? तुमचं काय हाय त्यात?"

"पोरगं माझं हाय. आमच्या घरात मोजणी चुकत न्हाई हो. ह्यो असला कुठनं निपजला मला कळंना. पाच चाकं त्यानं घालवली आणि डाग तुमच्या नावाला. मी शेजारी हुबा असून मला कळलं न्हाई, ती माझीबी चूक."

मिस्त्रींनी पुढं होऊन तात्यांचे जोडलेले हात धरले. मिस्त्रींचे हात कापत होते. तात्यांनी ते आपल्या हातांत घट्ट धरून ठेवले. "चालायचंच तात्या," मिस्त्री म्हणाले. "जवान पोरं हाईत. शिकतील."

"काय शिकतोय! बघत काय हुबा राहिलाईस?" तात्या माझ्यावर खेकसले. "पाया पड त्यांच्या!"

मी मिस्त्रींच्या पायांवर डोकं ठेवलं. उठलो, आणि वळून तात्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. तिथनं मला लवकर उठता येईना.

"माझ्या कशाला पडतोस?" तात्या पाय मागं घ्यायला लागले. "माझं काय वाईट केलंयस तू?"

"पडू द्या, तात्या," मिस्त्री म्हणाले.